बळकट म्हणजे किती बळकट?

नाकापेक्षा मोती जड, ही म्हण आमच्या आजीच्या तोंडी लग्नसराईत हमखास येई. दागिना कितीही मोलाचा असला तरी तो पेलणाऱ्या नाकाचा विचार आधी व्हावा, हा तिचा रोकडा अर्थ. पुढे तीच म्हण एका मोटारीच्या गिअरबॉक्सला तंतोतंत लागू पडताना आम्ही पाहिली. धर्मगुरूने गिअरबॉक्सवर लेख लिहावा याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आमचे मामा एस. टी.च्या कार्यशाळेत आयुष्यभर राबले. शाळेला सुट्टी लागली की आमचा मुक्काम त्यांच्याकडे असे, त्यामुळे ग्रीजचा वास आम्हांस उदबत्तीइतकाच परिचयाचा आहे. सेमिनरीत गेल्यावर हातातला पाना सुटला, पण यंत्राविषयीचे कुतूहल सुटले नाही.

ज्या मोटारीविषयी सांगायचे आहे ती इटलीची फियाट ५००. इटालियन लोक तिला लाडाने ‘चिंक्वेचेंतो’, म्हणजे नुसतेच ‘पाचशे’, म्हणतात. दान्ते जाकोझा या अभियंत्याने तिची रचना केली आणि १९५७ च्या जुलैत ती तुरीन शहरी लोकांपुढे आली. लांबी तीन मीटरांहून थोडी कमी, वजन सुमारे पाचशे किलो आणि इंजिन ४७९ सीसीचे, दोन सिलिंडरांचे, वाऱ्याने थंड होणारे. हे इंजिन पुढे नसून मागे, सामानाच्या डिकीच्या जागी. आपल्याकडे रिक्षाचे इंजिन मागे असते. २००८ साली दाखवलेल्या आणि २०१८ पर्यंत तयार होत राहिलेल्या टाटांच्या नॅनोचेही दोन सिलिंडरांचे इंजिन मागेच होते. म्हणून ही रचना आपणांस अगदीच परकी नाही. युद्धानंतरच्या इटलीत स्कूटरवर बायकामुलांना घेऊन हिंडणाऱ्या सामान्य कुटुंबाला या मोटारीने पहिल्यांदा डोक्यावर छप्पर दिले. १९७५ पर्यंत अशा ३६ लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या.

मागे इंजिन असलेल्या या मोटारीत गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढच्या बाजूस बसतो. चाकांकडे शक्ती वळवणारे क्राउन-पिनियन आणि डिफरन्शियल हेही त्याच धातूच्या कवचात असतात. अर्थात इथे गिअरबॉक्स बदलणे म्हणजे एक सुटा भाग बदलणे नव्हे. इंजिनापासून चाकापर्यंतचा सगळा सांधाच नव्याने जुळवावा लागतो. ही एक गोष्ट ध्यानी ठेवली की पुढचे सारे सोपे होते.

या पाचशेच्या गिअरबॉक्समध्ये चार गिअर होते, परंतु सिंक्रोमेश एकालाही नव्हता. सिंक्रोमेश म्हणजे गिअर गुंतण्याआधी दोन फिरत्या भागांचा वेग घर्षणाने समान करणारी कडी. ती नसेल तर हे वेग चालकाला स्वतःच्या पायाने आणि कानाने जुळवावे लागतात. वरचा गिअर उतरवून खालचा घालायचा असेल तर क्लच दाबावा, गिअर न्यूट्रलला आणावा, क्लच सोडून अॅक्सिलरेटर किंचित फुंकावा, पुन्हा क्लच दाबावा आणि मग खालचा गिअर घालावा. इटालियन लोक याला ‘दोप्पिएत्ता’ म्हणतात. आमच्या मामांच्या पिढीचे एस. टी. चालक यालाच ‘डबल क्लच’ म्हणत. घाट चढताना त्यांचा पाय ज्या तालात पडे, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगणे न लगे.

वरिष्ठ अभ्यासासाठी आम्ही रोम येथे असताना, २००३ च्या उन्हाळ्यात, सुट्टीवर गेलेल्या एका धर्मगुरूंच्या जागी दोन महिने काम पाहण्याची जबाबदारी आमच्यावर आली. ते गाव कास्तेल्ली रोमानी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांत होते. हे सारे विझलेल्या ज्वालामुखीचे डोंगर. उतारावर द्राक्षांचे मळे, माथ्यावर दाटीवाटीची गावे आणि गावात शिरणारा प्रत्येक रस्ता एक तर चढ नाही तर उतार. चर्चच्या मागच्या गल्लीत एका वयस्क मिस्त्रीचे गॅरेज होते. सायंकाळची प्रार्थना आटोपली की आमची पावले आपोआप तिकडे वळत. आमची इटालियन पुस्तकी आणि त्याची गावंढळ, परंतु बोल्ट-नटांची भाषा दोघांना सारखीच येत असल्याने काही अडले नाही.

त्या गॅरेजात एक १९७० सालची पाचशे उभी होती. ती गावातल्या एका विधवा बाईंची. त्यांच्या दिवंगत यजमानांनी ती उमेदीच्या काळात घेतली आणि १९८० नंतर केव्हा तरी तिचे मूळचे ४९९ सीसीचे इंजिन काढून फियाट १२६ या गाडीचे ६५२ सीसीचे इंजिन स्वतःच्या हाताने बसवले. ही १२६ म्हणजे पाचशेचीच वारस. ती १९७२ साली आली आणि तिचे इंजिन त्याच घराण्यातले असल्याने ते जुन्या गिअरबॉक्सला सहज जुळले. मूळ इंजिन १८ अश्वशक्तीचे, नवे २४ चे. यजमान हयात असेतो गाडी चालली, कारण त्यांचा पाय हलका होता. त्यांच्या मागे मुलाने ती हाती घेतली आणि वर्ष-दोन वर्षांत गिअरबॉक्स कुरकुरू लागला. पुढे तर उतारावर तिसरा गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होऊ लागला. यात कारखान्याचा काही दोष नव्हता. ज्या ओझ्यासाठी तो गिअरबॉक्स घडवला त्याहून अधिक ओझे तो वीस वर्षे वाहत होता.

आता गिअरबॉक्स बदलायचा हे ठरले. प्रश्न होता, कोणता? मुलाला सर्वांत बळकट हवा होता. आईला होता तोच हवा होता. मिस्त्रीचे म्हणणे तिसरेच होते. आम्ही या तिघांच्या मध्ये एक लाकडी स्टूल घेऊन बसलो होतो. वाद पैशाचा होता, आठवणीचा होता आणि सुरक्षिततेचाही होता. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की घरात शब्दाला शब्द लागतो, हा कोणत्याही धर्मग्रामातला अनुभव आहे.

गिअर तुटतो कशाने, हे मिस्त्रीने आधी मुलाला समजावले. मुलगा अश्वशक्तीचा आकडा घेऊन बसला होता. परंतु दाते मोडतात ते अश्वशक्तीने नव्हे, तर टॉर्कने, म्हणजे इंजिन दांड्याला जो पीळ देते त्याने. एकाच घडणीच्या इंजिनात हा पीळ साधारणतः सीसीच्या प्रमाणात वाढतो. ४९९ चे ६५२ झाले म्हणजे पीळ सुमारे तीस टक्क्यांनी वाढला. पहिल्या गिअरमध्ये तोच पीळ अनेक पटींनी वाढून चाकाकडे जातो आणि वाटेत प्रत्येक दात्यावर, प्रत्येक बेअरिंगवर रेटा देतो. दाते एकमेकांना दूर ढकलू पाहतात, दांडे किंचित वाकतात, बेअरिंगची घरे सैल होतात. त्यात कुणी क्लच झटक्याने सोडला तर क्षणभराचा तो धक्का नेहमीच्या ओझ्याच्या कितीतरी पट असतो. वडिलांच्या हाती वीस वर्षे टिकलेले यंत्र मुलाच्या हाती दोन वर्षांत का थकले, याचे उत्तर यात होते. मिस्त्रीने ते शब्दांत उच्चारले नाही, आणि मुलानेही मान खाली घालून ते ऐकून घेतले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. गिअर सुटणे ही सपाट रस्त्यावर केवळ कटकट असते, उतारावर मात्र तो जिवाशी खेळ होतो. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच तिला मागे धरून ठेवते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. पाचशेला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, आणि मूळची गाडी ताशी ८५ ते ९५ किलोमीटर वेगाच्या हिशेबाने बांधलेली होती. लांबच्या उतारावर असे ब्रेक सतत दाबून धरले तर ते तापतात आणि त्यांची पकड मंदावते. नेमक्या त्याच वेळी गिअर सुटला तर गाडीला मागे धरणारे काहीच उरत नाही. बाईंची विवाहित मुलगी पायथ्याशी राहत होती आणि आठवड्यातून तीनदा त्या नातवंडांना घेऊन हाच उतार उतरत. म्हणून मिस्त्रीच्या लेखी बळकट गिअरबॉक्स म्हणजे वेगात तग धरणारा नव्हे, तर उतारावर हातातून न सुटणारा. शब्द एकच, परंतु मुलाचा अर्थ निराळा आणि त्याचा निराळा.

मग पर्यायांची मोजदाद झाली. पहिला पर्याय, जुनाच गिअरबॉक्स उघडून नव्या बेअरिंगांनी आणि नव्या दात्यांनी सजवणे. हे सर्वांत स्वस्त आणि मूळ गाडीशी सर्वांत प्रामाणिक, परंतु इंजिन तेच राहणार असल्याने दुखणे काही वर्षांनी परतणार. दुसरा पर्याय, १२६ चा गिअरबॉक्स. तिसरा, शर्यतीसाठी खास बनवलेला, सरळ दात्यांचा, पाच गिअरांचा संच. मुलाचे मन या तिसऱ्यावर जडले होते. पाच हे चारांपेक्षा अधिक, आणि शर्यतीत जे टिकते ते रस्त्यावर टिकणारच, असा त्याचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. परंतु कवचाची लांबी ठरलेली असते. त्यात चार जोड्यांऐवजी पाच जोड्या बसवायच्या तर प्रत्येक दात्याची रुंदी कमी करावी लागते, आणि अरुंद दाता कमी ओझे पेलतो. ते टाळायचे तर कवच लांबवावे लागते किंवा फार उंची पोलाद वापरावे लागते, आणि खर्च तिथून पुढे सुरू होतो. याचा मोठा दाखला जर्मनीत सापडतो. पोर्श कंपनीची ९११ हीदेखील मागे इंजिन असलेलीच मोटार. १९७५ साली कंपनीने तिची टर्बो आवृत्ती विक्रीस आणली, २६० अश्वशक्तीची. साध्या ९११ ला पाच गिअर मिळत असताना या सर्वांत दांडग्या भावंडाला कंपनीने चारच गिअर दिले, कारण चारच असले की ते जाड ठेवता येतात. ही व्यवस्था १९८९ पर्यंत टिकली. त्या वर्षी पुरेसा दणकट पाच गिअरांचा बॉक्स टर्बोला मिळाला. ज्यांच्या हाताशी अभियंत्यांची फौज होती त्यांनीही आधी ओझे पाहिले, गिअरांची संख्या मागाहून.

सरळ दात्यांचेही तसेच. तिरके कापलेले दाते एकमेकांत हळूहळू गुंततात म्हणून आवाज कमी करतात, पण चालताना दांड्याला बाजूने रेटत राहतात. सरळ दाते हा रेटा देत नाहीत म्हणून शर्यतीत सोयीचे. मात्र ते सतत किंचाळतात. पाऊण तासाच्या शर्यतीत हा आवाज कानाला गोड लागत असेल. नातवंडाला मांडीवर झोपवून घरी आणणाऱ्या आजीला तो रोज सोसवणार नव्हता.

पोर्शच्याच जुन्या गाड्यांची आणखी एक हकिकत मिस्त्रीने सांगितली, ती नाक आणि मोती यांच्या गणितात चपखल बसते. ९११ चा पहिला गिअरबॉक्स ९०१ या क्रमांकाचा. इंजिन २.४ लिटरचे झाले तेव्हा, १९७२ च्या मॉडेलपासून, अधिक दणकट असा ९१५ आला. १९८७ च्या मॉडेलला त्याहूनही भक्कम जी ५० मिळाला. आता काही हौशी मंडळी जुन्या ९११ मध्ये मोठे इंजिन घालतात आणि जोडीला सर्वांत भक्कम म्हणून जी ५० आणतात. परंतु तो आकाराने मोठा, वजनाने अधिक. त्याच्यासाठी कारखान्याने गाडीखालची आडवी नळी, जिच्यात मागच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार असतात, बदलून घेतली होती. शिवाय त्याचा क्लच तारेवर नव्हे तर तेलाच्या दाबावर चालतो. अर्थात जुन्या गाडीत तो बसवायचा तर तिच्या सांगाड्याला करवत लावावी लागते. ज्याचे इंजिन खरोखर तेवढे थोर आहे त्याने ती जरूर लावावी. बाकीच्यांनी चांगल्या दुरुस्त केलेल्या ९१५ वर समाधान मानले तर गाडीही शाबूत राहते आणि खिसाही.

पुन्हा आपल्या टेकडीवर येऊ. १२६ चा गिअरबॉक्स बाईंच्या गाडीला योग्य कसा, हे मिस्त्रीने गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून दाखवले. ते आकडे आम्ही त्याच रात्री उतरवून घेतले होते. पाचशेचा पहिला गिअर ३.७० आणि क्राउन-पिनियनचे प्रमाण ४१ दात्यांस ८, म्हणजे ५.१२५. यांचा गुणाकार जवळपास १९. इंजिनाचा पीळ चाकाशी १९ पट होऊन पोहोचतो असा त्याचा अर्थ. १२६ चा पहिला गिअर ३.२५ आणि क्राउन-पिनियन ३९ दात्यांस ८, म्हणजे ४.८७५. गुणाकार १६ हूनही किंचित कमी. तेव्हा हा गिअरबॉक्स जर मूळच्या ४९९ सीसीच्या इंजिनाला लावला तर चढावर गाडी उचलण्याची ताकद सुमारे सोळा टक्क्यांनी घटेल आणि बिचारा क्लच जळत राहील. म्हणजे अधिक बळकट भाग लावूनही गाडी दुबळी होईल! परंतु इंजिन ६५२ चे असल्यास पीळ तीस टक्क्यांनी वाढलेला असतो. ती वाढ धरून हिशेब केला तर चाकाशी मूळ गाडीपेक्षा थोडे अधिकच बळ पोहोचते. चौथ्या गिअरमध्येही इंजिनाला थोडी उसंत मिळते. ताशी ८० किलोमीटरला जिथे ते मिनिटाला सुमारे ३,९०० फेरे घेत होते तिथे आता सुमारे ३,७०० पुरतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला सिंक्रोमेश मिळतो तो वेगळाच. पहिल्याला मात्र १२६ मध्येही तो नाही.

या गणिताने आमची खात्री पटली. ज्या इंजिनासाठी हा गिअरबॉक्स घडवला गेला तेच इंजिन त्या गाडीत आधीपासून बसलेले होते. यजमानांनी अर्धी जोडी आणली होती. उरलेली अर्धी आणणे एवढेच बाकी होते.

जोडी जमली तरी सोयरीक पक्की होण्याआधी चौकशी करावी लागते. मिस्त्रीने एका भंगारवाल्याकडून १२६ चा वापरलेला गिअरबॉक्स आणला. त्याने आधी त्यातले तेल एका पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात धरले. धातूची बारीक धूळ असणे साहजिक, परंतु बोटाला टोचेल असा कण सापडला तर तो बॉक्स परत जाणार होता. मग चुंबक फिरवले. मग दांडा हाताने फिरवत एकेक गिअर घालून पाहिला. क्राउन आणि पिनियन यांच्यातला प्ले मोजला. तेलाची सगळी सील जुनी म्हणून काढून नवी घातली. क्लचची चकती नव्या दांड्याच्या खाचांत बसते का, चाकांकडे जाणाऱ्या एक्सलांची लांबी आणि जाडी जुळते का, त्यांच्या टोकांचे लवचीक जोड वाढलेला पीळ सोसतील का, गिअरच्या दांडीचा दुवा आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग जागच्या जागी येते का, हे सारे त्याने इंजिन पुन्हा चढवण्याआधी तपासले. एक्सलांचे जोड त्याने बदललेच. “गिअरबॉक्स तुटेनासा झाला की तुटण्याची पाळी शेजाऱ्यावर येते,” तो म्हणाला. ब्रेकची ड्रमे आणि पाइपही त्याच वेळी नवे झाले, आणि या कामाला गिअरबॉक्सपेक्षा अधिक पैसे पडले. मुलाने कुरकुर केली. मिस्त्रीने बिल कमी केले नाही.

परंतु हे सारे होण्याआधी आईची समजूत पटणे आवश्यक होते, आणि तिथे आकडे निरुपयोगी होते. त्या एके सायंकाळी गॅरेजात आल्या. रिकाम्या झालेल्या गाडीच्या पोटात त्यांनी डोकावून पाहिले. जमिनीवर काढून ठेवलेला जुना गिअरबॉक्स पाहिला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “दॉन, या गाडीवर मी लग्नानंतर चालवायला शिकले. माझा पाय चुकला की ते काही बोलत नसत, नुसते खिडकीबाहेर बघत. आता हा नवा गिअरबॉक्स आपणहूनच सगळे जुळवून घेणार. मग मला येते ते कशाला उपयोगी?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. मिस्त्रीने हात पुसले आणि शांतपणे सांगितले, “सिन्योरा, पहिला गिअर यातही तुमच्या पायावरच आहे. आणि दोप्पिएत्ता केली म्हणून कुठला गिअरबॉक्स रागावत नाही. उलट त्याच्या कड्या अधिक टिकतात.” हे त्याने केवळ धीर देण्यासाठी म्हटलेले नव्हते. ते अक्षरशः खरे आहे. चालकाने वेग आधीच जुळवला तर सिंक्रोमेशच्या कडीला घासावे लागत नाही. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी एकच अट घातली. जुना गिअरबॉक्स भंगारात जाता कामा नये, आणि नव्यासाठी गाडीच्या पत्र्याला कुठेही कापायचे नाही.

ही अट भावनेची असली तरी व्यवहारालाही धरून होती. इटलीत जुन्या मोटारींची आस्थेने नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत. १९६६ साली स्थापन झालेला तेथील ऐतिहासिक मोटारींचा महासंघ आहे. लिगुरिया प्रांतातल्या गार्लेन्दा गावी १९८४ पासून खास पाचशेसाठीचा क्लबही आहे. गाडी जितकी मूळ स्वरूपात तितकी तिची प्रतिष्ठा आणि किंमत अधिक. जो बदल उद्या उलट फिरवता येतो तो गाडीचे काही कायमचे नुकसान करीत नाही. ज्यासाठी सांगाडा कापला, तो बदल मात्र पुढच्या पिढीवरही लादला जातो. १२६ चा गिअरबॉक्स मूळच्या जागीच, पत्रा न कापता बसत होता. मुलाच्या मनातला संच घेतला असता तर हे आश्वासन मिस्त्रीला देता आले नसते.

ऑगस्टच्या मध्याला, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दोन दिवस आधी, गाडी गॅरेजबाहेर आली. पहिल्या फेरीला मिस्त्री स्वतः चालवत होता, शेजारी बाई आणि मागच्या तोकड्या आसनावर गुडघे हनुवटीला लावून आम्ही. तो मुद्दाम सर्वांत तीव्र उताराने निघाला. तिसऱ्या गिअरवर गाडी टाकून त्याने दांडीवरचा हात काढून घेतला आणि तळहात वर करून आम्हांस दाखवला. गिअर जागचा हलला नाही. खाली वळणापाशी गाडी थांबवून तो उतरला आणि बाईंना चालवायला दिली. त्यांनी क्लच दोनदा दाबला. गरज नव्हती, पण दाबला.

मुलाचे काय झाले असे वाचक विचारतील. तो काही दिवस घुम्यासारखा वागला. मग एका रविवारी मिस्सानंतर आम्हांस भेटून म्हणाला, “मला वेगवान गाडी हवी होती, पण ही गाडी त्यासाठी नव्हे.” पुढे शर्यतीसाठी त्याने दुसरी, वेगळीच मोटार घेतल्याचे आम्ही ऐकले. ते आम्हांस योग्यच वाटले. शर्यतीची हौस वाईट नाही. तिच्यासाठी आईच्या गाडीचा सांगाडा कापावा लागला नाही, एवढेच.

आमच्या वसईकडच्या वाडीवाल्या वाचकांना हे उदाहरण दूरचे वाटू नये. विहिरीवर तीन अश्वशक्तीच्या जागी पाचाचा पंप चढवला आणि पाइप मात्र वडिलांच्या वेळचाच ठेवला, तर पाणी झाडाला न मिळता सांध्यातून उडते, हे आपण पाहिले आहे. मग दोष पंपाला दिला जातो, किंवा विकणाऱ्याला. खरे तर पंप खरेदी करण्याआधी विचारायचे प्रश्न निराळे होते. पाणी किती उंच न्यायचे? पाइप किती दाब सोसेल? वायर किती भार ओढेल? गिअरबॉक्सच्या बाबतीतही प्रश्नांचा क्रम हाच आहे. इंजिनाचा पीळ किती, गाडी कोणत्या रस्त्याने जाणार, चालवणार कोण, आणि पुढचे-मागचे भाग तो भार सोसतील का. या चारांची उत्तरे मिळाली की कोणता गिअरबॉक्स, हा प्रश्न जवळजवळ स्वतःच सुटतो. बाजारात सर्वांत बळकट कोणता, हे विचारण्याची वेळ सहसा येतच नाही.

ती १२६ ही आता जुन्या मोटारींत जमा झाली आहे. २००० साली पोलंडमध्ये तिचे उत्पादन संपले, आणि २००३ मध्ये जिचा गिअरबॉक्स भंगारातून उचलता आला तिलाच आज हौशी लोक जपून ठेवू लागले आहेत. ज्या कुणाला आज हीच निवड करायची असेल त्याने मिळालेला पहिला बॉक्स घाईने न घेता, पांढरी थाळी आणि चुंबक सोबत न्यावे. बाईंकडून पुढे काही वर्षे नाताळला पत्र येत असे. एका पत्रात त्यांनी कळवले होते की थोरला नातू आता पाचशे चालवायला शिकतो आहे, त्याचा पाय जड आहे, आणि जुना गिअरबॉक्स तेल लावून, गोणपाटात बांधून, अजून जिन्याखाली ठेवलेला आहे.